कासिल्दाने ठरवलेली सहल

कासिल्दा बोलायला उभी राहिली की आमच्या पेन्शनर मंडळाच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचे आवाज होतात. काही जण निसटायला खुर्ची मागे घेतात, काही जण नीट ऐकू यावं म्हणून पुढे. मी पुढे घेणाऱ्यांतली. माझं नाव बेनिग्ना. गावच्या शाळेत मी जन्मभर पोरांना मसुराची आमटी वाढली. कासिल्दाचं आणि माझं घर एकमेकांना चिकटून आहे. मधली भिंत अशी की ती तिकडे शिंकली की मी इकडून "येशू!" म्हणते आणि ती तिकडून "आभारी आहे गं" म्हणते.

त्या दिवशी सभेपुढे एकच विषय होता, वसंतातली सहल. दरवर्षी आम्ही समुद्रावर जातो. तेच हॉटेल, तेच पाणचट सूप, जेवणानंतर तोच अकॉर्डियनवाला. आमचा अध्यक्ष फ्रोइलान खुर्चीतून न उठताच म्हणाला, "समुद्र. नेहमीसारखं. कुणाला काही म्हणायचंय? नाही. संपलं."

"मला म्हणायचंय," कासिल्दा उठली. "समुद्र पुष्कळ पाहिला. ओला असतो. यंदा मोंतेसेर्काला जाऊ या."

कोपऱ्यात पत्ते कुटणारे थांबले. कुणीतरी कपात चमचा ढवळत होतं, तो आवाजही बंद झाला.

मोंतेसेर्का म्हणजे काही चंद्र नव्हे. आमच्या वाल्देपाखातल्या कुठल्याही खिडकीतून डोकं बाहेर काढा, समोर तेच दिसतं: सपाट गव्हाच्या रानात एकटी टेकडी, टेकडीभोवती दगडी तट, तटाला बुरूज आणि मधून वर आलेला चर्चचा मनोरा. संध्याकाळचं ऊन तिरपं झालं की तो तट भाजलेल्या पावाच्या कडेसारखा तांबूस होतो. बसा भरभरून परदेशी लोक तो बघायला येतात, आमच्या गावातून धूळ उडवत जातात, आमच्याकडे ढुंकून बघत नाहीत. आणि आम्ही, म्हणजे माझ्या वयाची माणसं, तिथे पाय ठेवत नाही. तिथली आमच्या वयाची माणसंही आमच्याकडे येत नाहीत. पोरंसोरं जातात-येतात, त्यांना कुणी अडवत नाही. पण आमचं नाही म्हणजे नाही. डॉक्टर हवा असला तर आम्ही उलट्या बाजूच्या शहरात जातो. मेंढरं विकायची तर आणखी लांब.

याचं कारण निकानोर.

आमच्या तरुणपणी परगावचा मुलगा आमच्या गावातल्या मुलीच्या मागे लागला, तर त्याने गावातल्या पोरांना वाइन पाजायची, अशी रीत होती. पाजली की तो आपला. नाही पाजली तर उचलायचा आणि चौकातल्या गुरांच्या हौदात टाकायचा. आसपासच्या सगळ्याच गावांत हे चालायचं आणि हसण्यावारी जायचं. निकानोर मोंतेसेर्काच्या लोहाराचा मुलगा. कार्निव्हलच्या थंडीत तो आमच्या गावी आला तो कासिल्दासाठी. तिने विशीसुद्धा गाठली नव्हती. पोरांनी त्याला उचलला आणि हौदात टाकला. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. ओल्या कपड्यांनी तो टेकडीपर्यंत चालत गेला, आणि त्याची छाती धरली ती उन्हाळा लागेपर्यंत सुटली नाही. मग त्यांच्या पोरांनी आमच्या गंज्या पेटवल्या. आमच्या पोरांनी त्यांच्या वेशीवर मेलेला कोल्हा टांगला. जत्रेत डोकी फुटली. पुढे मारामाऱ्या थांबल्या, आणि त्यांच्याबरोबर बोलणंही थांबलं. कासिल्दाच्या बापाने तिला बिल्बाओला मावशीकडे धाडून दिलं.

ही गोष्ट सांगताना आमच्याकडे एक वाक्य हटकून यायचं: "त्याने वाइन आणलीच नव्हती. तटवाले कंजूष!" आणि हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा म्हणायचा तो फ्रोइलान. निकानोरला ज्या पोरांनी उचललं, त्यांचा म्होरक्या तोच होता.

"मोंतेसेर्का?" फ्रोइलान आता उठला. त्याचं खुब्याचं हाड बदललंय, तरी उठला. "का गं? म्हातारपणी निकानोरची आठवण येते वाटतं?"

दोघंतिघं खिदळले. दुसरी एखादी असती तर मान खाली घालून बसली असती. कासिल्दाने कोटाची बटणं काढली आणि तो लाल कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. मला कळलं, आता काही लवकर घरी जायला मिळत नाही.

"येते की! चांगला देखणा होता. तुझ्या पोटात का दुखतंय? ब्लासबरोबर माझा संसार झकास झाला. त्याची परवानगी काढायची तर मी दफनभूमीत जाऊन काढीन, तुझी कशाला काढू? पण मी निकानोरसाठी चालले नाहीये. मला तट बघायचाय. जन्मभर खालून बघितला. आता एकदा वर उभं राहून तिथून आपलं गाव कसं दिसतं ते बघायचंय. समोरच्याच्या खिडकीतून आपलं घर बघावंसं वाटलं, यात काय चुकलं?"

"आणि त्यांनी दगड मारले तर?"

"आपल्या वयाचा माणूस दगड उचलायला वाकला की परत सरळ होत नाही. तू नको काळजी करू."

या वेळी सगळे हसले. तो हशा बघून मला वाटलं, हिने जिंकलं.

कासिल्दाचं हे असंच. बिल्बाओला ती हॉटेलातल्या चादरी धुण्याचं काम करत होती. तिथून परत आली, ब्लासशी लग्न केलं. ब्लासकडे या भागातलं पहिलं हार्वेस्टर होतं. दुसऱ्यांची शेतं कापून देणं हा त्याचा धंदा. एका वर्षी ऐन सुगीत त्याची पाठ गेली, उठता येईना. गहू पिकून उभा, आणि आभाळात गारांचे ढग. त्या काळी बाईने सायकल चालवली तरी लोक दारात येऊन बघायचे. कासिल्दाने नवऱ्याची टोपी घातली, शिडीवरून चढली आणि यंत्र सुरू केलं. रस्त्याच्या कडेने सगळे पुरुष ओळीने उभे राहिले. आता ही कुठल्या खड्ड्यात जाते ते बघायला. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून मला पक्कं आठवतंय. तिने तीन-चार फेऱ्या मारल्या आणि यंत्र बंद न करताच वरून ओरडली, "बघून झालं असेल तर पोती उचलायला या!"

आणि गेले ते. फ्रोइलानसुद्धा गेला. त्यानंतर ब्लासची पाठ बरी झाली, पण हार्वेस्टरवर ती बसली ती बसलीच. ब्लास हिशेब बघायचा आणि स्वयंपाक करायचा, आणि दोघंही खूश होती.

तर सभेत शेवटी हात वर झाले. समुद्राच्या बाजूने कमी, कासिल्दाच्या बाजूने जास्त. फ्रोइलानने सगळ्यांकडे असं बघितलं की जणू आम्ही चर्चमधली मूर्ती विकायला काढली होती. मग म्हणाला, "ठीक. पण आधी तू जाऊन त्यांना विचारून ये. न विचारता मी माझ्या माणसांना त्या वेशीवर उभं करणार नाही." त्याला वाटलं, ती जाणार नाही.

दुसऱ्याच दिवशी ती माझ्या दारात. "चल."

"आत्ता?"

"पाववाला निघालाय. त्याच्या गाडीत दोन जागा आहेत. तुझी चप्पल बदल, वर सगळे गोटे आहेत म्हणे."

पाववाला पोरगा दोन्ही गावांना पाव देतो. त्याला आमच्या भांडणाशी देणंघेणं नाही. वेशीबाहेर त्याने आम्हाला उतरवलं. कासिल्दा कमानीखाली उभी राहिली आणि हात पसरून रुंदी बघितली. "बस आत येणार नाही. इथे उतरायचं. इथून चढण. म्हणजे गुडघेवाले पुढे चालणार, बाकीचे मागे."

"गुडघेवाले मागे ना?"

"गुडघेवाले मागे ठेवले की मागेच राहतात. पुढे ठेवले की सगळ्यांना त्यांच्या चालीने चालावं लागतं."

चौकापर्यंत ती अशीच प्रत्येक गोष्ट हिशेबात घेत चालली. बाक कुठे आहेत, सावली कुठे येईल, कठडा कुठे तुटलाय. मी मात्र मान खाली घालून चालत होते. वाटत होतं, आत्ता कुणीतरी वरच्या खिडकीतून ओरडेल. कुणी ओरडलं नाही. एका बाईने जिरॅनियमच्या कुंडीत पाणी घातलं, ते थोडं माझ्या खांद्यावर पडलं आणि ती "माफ करा हं" म्हणाली. इतकंच.

चौकातल्या बारमध्ये कासिल्दा सरळ काउंटरला गेली. मागे एक तरुण पोरगी कप पुसत होती.

"ताई, पन्नासेक म्हातारी माणसं घेऊन यायचंय. संडास कुठे, आणि किती आहेत?"

"दोन आहेत आजी. एक तुंबतो."

"तो मेच्या आधी दुरुस्त करून घ्या. कोकराचं मांस कोण चांगलं भाजतं इथे?"

"आमच्याकडेच. कुठून येणार तुम्ही?"

"वाल्देपाखाहून."

मागच्या टेबलांवर डॉमिनो चालले होते. सगळी डोकी वळली. एकच म्हातारा वळला नाही. भिंतीसारखी पाठ करून बसला होता. मी मनात म्हटलं, काय हा ताठा! नंतर कळलं की त्याला ऐकूच आलं नव्हतं.

कासिल्दाने ती पाठ ओळखली की काय कोण जाणे. ती टेबलांमधून वाट काढत गेली आणि तिने त्याच्या खांद्यावर बोट टोचलं.

"निकानोर. मी कासिल्दा."

त्याने मान वर केली. मोठाले कान, एका कानात यंत्र, हात अजूनही लोहाराचे.

"केस रंगवतेस," तो म्हणाला.

"तू रंगवण्याइतके ठेवलेच नाहीस."

एक जण फिस्सकन हसला. निकानोरने शेजारची खुर्ची पायाने बाहेर ढकलली. कासिल्दा बसली, मीही बसले. आमच्यासाठी कॉफी आली, ती कुणी मागवली ते कळलं नाही. कासिल्दाने काही आडवळण घेतलं नाही. आम्हाला यायचंय, जेवायचंय, तटावर चढायचंय, संध्याकाळी परत जायचंय. तुमची हरकत आहे का, असं सरळ विचारलं.

डॉमिनोवाल्यांत कुजबुज झाली. एक जाडजूड म्हातारा म्हणाला, "येऊ देत! त्या फ्रोइलानला घेऊन येऊ देत! आमच्याही चौकात हौद आहे म्हणावं."

"टाकू त्याला!" दुसरा म्हणाला. "टाय-बियसकट!"

निकानोरने हात वर केला. "छे, छे. त्याचं खुब्याचं हाड नवीन आहे असं ऐकतो. मोडलं तर परत आपल्याच डोक्यावर खापर. हौद-बिद काही नको." मग तो कासिल्दाकडे वळला. "या. सगळे या. पण फ्रोइलाननेही यायचं. आणि इथे चौकात, सगळ्यांसमोर एकच सांगायचं, की मी वाइन आणली होती."

कासिल्दाने हातातला कप खाली ठेवला.

"आणली होतीस," ती म्हणाली. "मी बघितला होता तुझ्या खांद्यावरचा वाइनचा बुधला. लाल दोरी होती त्याला."

"तू बघितलास ते मला ठाऊक आहे. पण माझा बाप मरेपर्यंत मला म्हणत होता, दोन लिटर वाइन वाचवायला गेलास आणि छाती घालवून बसलास. त्यालाही शेवटी तुमच्याच गावची गोष्ट खरी वाटायला लागली होती."

परतताना पाववाल्याच्या गाडीत मी कासिल्दाला विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते. त्याच संध्याकाळी. बापाने थोबाडीत दिली. बिल्बाओहून परत आले तोवर लहान पोरंसुद्धा ती गोष्ट म्हणत होती. मीही मग सुगी बघितली, घर बघितलं. पण आता बास झालं."

पुढच्या सभेत तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. फ्रोइलानचा चेहरा पांढरा पडला, मग तांबडा झाला.

"वाइन नव्हती!"

"होती. काळपट, घट्ट. तू पहिला घोट घेतलास आणि तुझ्या शर्टावर सांडली. तुझ्या आईने दुसऱ्या दिवशी तो शर्ट नदीवर घासला, तेव्हा मी तिच्या शेजारी धुणं धूत होते."

त्या दिवशी चौकात असलेले आणखी दोघं खोलीत होते. एकाने खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्याने चष्मा काढून पुसायला घेतला. पण नाही म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही. फ्रोइलानने टोपी घातली. "मी येणार नाही," म्हणाला, आणि काठी टेकत निघून गेला.

मला वाटलं, झालं, बारगळलं सगळं. निकानोरची अट तर फ्रोइलानवरच अडलेली. पण कासिल्दा कामाला लागली, जणू तो येणारच आहे. बसवाल्याला फोन केला, तो मी भिंतीतून ऐकला: "पुढचं सीट फ्रोइलानसाठी. पाय लांब करता यायला हवा." मोंतेसेर्काच्या बारमधल्या त्या पोरीला फोन केला: "एक ताट बिनमिठाचं. आमच्या अध्यक्षांना रक्तदाब आहे. आणि तो संडास?" हे गावभर झालं. एकदा ती पाव घेऊन येत असताना फ्रोइलानने तिला चर्चच्या पायऱ्यांपाशी गाठलं. सगळ्या बाया मिसेची प्रार्थना संपवून बाहेर पडत होत्या.

"मी येणार नाही म्हणालो ना!" तो ओरडला.

"हो हो, ऐकलं मी. खिडकीकडची जागा देऊ की वाटेकडची?"

"कासिल्दा!"

"वाटेकडची देते. उठायला सोपं."

बाया तोंडावर हात धरून हसायला लागल्या. फ्रोइलान काठी आपटत गेला. मी तिला घरी आल्यावर म्हटलं, "नाही आला तर?"

"येईल. फ्रोइलान वाईट नाहीये, बेनिग्ना. त्याला फक्त पहिला असायची सवय आहे. हौदात टाकताना पहिला, वाइन प्यायला पहिला, सभेत पहिला. आता खरं सांगणारा पहिला तोच होऊ शकतो. दुसऱ्या कुणाला ती जागा मिळावी, हे त्याला सोसणार नाही."

मला काही इतकी खात्री नव्हती.

सहलीच्या दिवशी सकाळी आम्ही बसथांब्यावर जमलो. बायकांनी केस सेट करून घेतले होते, पुरुषांनी बूट चमकवले होते. लग्नाला निघाल्यासारखे सगळे नटलेले, आणि लग्नाला निघाल्यासारखेच घाबरलेले. कासिल्दा लाल कोट घालून बसच्या दाराशी उभी राहून एकेकाला आत ढकलत होती. "गोळ्या घेतल्या? टोपी कुठे? आत व्हा." बसवाल्याने इंजिन सुरू केलं. तेवढ्यात कोपऱ्यावरून काठीचा आवाज आला.

फ्रोइलान. टाय लावलेला. खांद्याला वाइनने तुडुंब भरलेला कातडी बुधला. कुणाकडे न बघता तो बसमध्ये चढला आणि पुढच्या सीटवर बसला, वाटेकडच्या. कासिल्दाने त्याच्याकडे बघितलंही नाही. बसवाल्याला म्हणाली, "चला."

मोंतेसेर्काच्या चौकात ते सगळे आमची वाट बघत होते. तेही टाय लावून, तेही केस सेट करून. एका बाजूला ते, एका बाजूला आम्ही, मध्ये दगडी हौद आणि त्यात पाण्याची बारीक धार. कडेला फोटो काढणारे काही परदेशी उभे होते. त्यांना वाटलं असावं की इथे काही पारंपरिक कार्यक्रम आहे. निकानोर पुढे आला. फ्रोइलानही गेला. दोघंही हौदापाशी थांबले.

फ्रोइलानने घसा खाकरला. काहीतरी पुटपुटला.

"काय?" निकानोर कानामागे हात नेत म्हणाला. "मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

फ्रोइलानने बसमधून उतरलेल्या आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग छाती भरून ओरडला, "तू वाइन आणली होतीस!"

मनोऱ्यावरची कबुतरं उडाली.

"काय म्हणालास?"

"वाइन! आणली होतीस! आम्ही प्यायलो आणि तरी टाकलं तुला!"

"परत एकदा?"

"निकानोर," कासिल्दा मागून म्हणाली, "तुला ऐकू आलंय."

"आलं," निकानोर म्हणाला. "पण परत ऐकायला फार बरं वाटतंय."

आधी त्यांच्या बाजूचा तो जाडजूड म्हातारा हसला, मग आमच्या बाजूचे, मग सगळेच. फ्रोइलान मात्र हसला नाही. त्याने बुधला खांद्यावरून काढून निकानोरच्या हातात दिला. निकानोरने तो उंच धरून एक लांब धार तोंडात सोडली, एक थेंब सांडला नाही. मग हलक्या आवाजात विचारलं, "का पण? वाइन होती तर का टाकलंत?" मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

फ्रोइलानने हौदातल्या पाण्याकडे बघितलं. "माहीत नाही रे. सगळे ओरडत होते, आणि पुढे मी होतो." मग त्याने टोपी काढली. "छातीचं ऐकलं होतं मी. वाईट वाटलं होतं. तेव्हा यायला हवं होतं."

"हो," निकानोर म्हणाला. "यायला हवं होतंस." आणि बुधला परत त्याच्या हातात दिला. फ्रोइलान प्यायला. या वेळीही त्याच्या शर्टावर सांडली.

जेवण लांबलं. कोकरू असं शिजलं होतं की प्लेटच्या कडेने कापता यावं. लसणाच्या सुपात कुणाचे दात पडले, ते चमच्याने शोधून काढले गेले. आमच्या बायका आणि त्यांच्या बायका आधी दोन वेगळ्या टेबलांवर बसल्या होत्या. गोड येईपर्यंत गुडघ्याच्या ऑपरेशनांवरून सगळ्या एकत्र झाल्या. फ्रोइलानने ते बिनमिठाचं ताट बाजूला सारलं आणि निकानोरच्या ताटातलं खाल्लं.

मग कासिल्दा उठली. "मला तटावर जायचंय."

फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, चढायला दगडी जिना आहे, अरुंद, झिजलेला. पुष्कळांनी खालूनच हात जोडले. निकानोर पुढे, कासिल्दा त्याच्या मागे आणि तिचा कोट धरून मी, असे आम्ही चढलो. निकानोर मध्येमध्ये थांबून श्वास घ्यायचा, कासिल्दाही थांबायची आणि म्हणायची, "माझ्यासाठी नको थांबू." तो म्हणायचा, "नाही, मी माझ्यासाठीच थांबलोय." वर वारा होता. खाली सगळा सपाट हिरवा गहू, मधून रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला आमचं गाव.

कासिल्दाने दोन्ही हात कठड्यावर ठेवले. मला वाटलं, ती रडेल-बिडेल. मी रुमालही काढून ठेवला होता.

"इतकंसंच!" ती म्हणाली. "बेनिग्ना, बघ, इतकंसं! मी याच्यासाठी जन्मभर भांडले?" मग जरा वेळाने, "पण छान आहे हं. अगदी नीट बसवलंय. ते चर्च, ते आमच्या हार्वेस्टरचं शेड, निळं. कुणी रांगेबाहेर नाही. छान आहे."

निकानोर तिच्या शेजारी उभा राहिला आणि टेकडीच्या पायथ्याच्या एका शेताकडे बोट दाखवलं. "ते तू कापायचीस."

"हो. बावीस सुगी. तुला काय ठाऊक?"

"हार्वेस्टरवर लाल छत्री बांधलेली असायची. सगळ्या पठारावर एकच लाल छत्री. मी भात्यावरचं काम टाकून इथे विडी ओढायला यायचो." तो थांबला. "त्या बांधाकडचा पट्टा तू नेहमी वाकडा कापायचीस."

कासिल्दा गर्रकन वळली. "वाकडा?"

"वाकडा. दर वर्षी. मी बायकोला सांगायचो, ती होती तोवर हसायची."

"अरे, तिथे उतार आहे! यंत्र खाली ओढतं! तू लोहार माणूस, तुला काय कळतं?"

"उतार असेल. पण वरून वाकडाच दिसायचा."

पाऊण तास ती दोघं त्या उतारावर भांडत होती. ती हातवारे करून दाखवत होती, चाक कसं घसरतं, सुकाणू कसं धरावं लागतं. तो मान हलवत म्हणत होता, "वाकडाच." मी कठड्याला टेकून ऊन खात बसले. खालून बसचा भोंगा वाजला तेव्हा कुठे ती उतरली, आणि उतरतानाही बोलतच होती.

सप्टेंबरात आमच्या जत्रेला मोंतेसेर्कावाले आले, त्यांची बस भरून. फ्रोइलानने त्यांचं स्वागत केलं, भाषणसुद्धा केलं, लांबलचक. नंतर पत्त्यांच्या स्पर्धेत कासिल्दा आणि निकानोर एका बाजूला बसले आणि त्यांनी फ्रोइलानला सपशेल हरवलं. त्याने लगेच परत डाव मागितला, परत हरला. पुढच्या जानेवारीत मंडळाची निवडणूक झाली, तेव्हा फ्रोइलानने स्वतःच कासिल्दाचं नाव पुढे केलं. ती म्हणाली, "बरं झालं, तसंही सगळं मीच करते."

गावात आता बाया मला विचारतात, लग्न करताहेत का गं ती दोघं? मी कासिल्दाला तसंच विचारलं.

"वेडी आहेस? त्याला पायऱ्यांच्या गावात राहायचंय आणि मला सपाटीवर. गुरुवारी मी पाववाल्याबरोबर वर जाते, रविवारी तो खाली येतो. मधले दिवस शांत." तिने टेबलावरचे पावाचे कण तळहातावर गोळा केले आणि खिडकीतून चिमण्यांना टाकले. "आणि हे बघ, पुढच्या वसंतात दोन्ही गावांची मिळून एक बस काढायची म्हणते मी. पोर्तुगालपर्यंत. तू पासपोर्टचं बघ."

"पोर्तुगालला पासपोर्ट लागत नाही, कासिल्दा."

"मग तर उत्तम," ती म्हणाली, आणि बसवाल्याला फोन करायला आत गेली.